आंदणात दिलेला पूर्वज

काय सांगू तुम्हाला, आमच्या लोकात एखाद्याला तू कोण म्हणून विचारलं ना, तर तो स्वतःपासून सुरुवात करतच नाही, अकरा पुरुष आधीपासून सुरू करतो, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड होऊन साय धरते तरी हा अजून आपल्या आजोबापर्यंत पोचलेला नसतो. तुम्ही विचारलं, नाना, तुमचा जन्म कुठला, तर माझा जन्म तापीकाठचा, चोपडा आणि यावलच्या मधलं एक काळ्या मातीचं गाव, आणि आम्ही रेवे गुजर. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या काठानं राहिलेले म्हणून रेवे, असं आमचे म्हातारे सांगायचे. त्याच्याही आधी वर कुठून तरी आले, कोणी म्हणतं राजपुतान्यातून, कोणी म्हणतं त्याच्याही पलीकडून, गुरं घेऊन निघाले, दुष्काळ पडला म्हणून निघाले का कुठल्या राजाशी बिनसलं म्हणून निघाले, तीन तोंडांनी मी तीन वाटा ऐकल्या आहेत आणि तिन्ही ऐकताना मला रडू आलेलं आहे, तेव्हा खरी कोणती ते मला विचारू नका. एवढं मात्र बठ्ठे, म्हणजे सगळे, एकमुखानं सांगतात की नर्मदा ओलांडली, मग सातपुडा उतरले, मग तापीची माती हातात घेऊन चोळून बघितली आणि म्हणाले, सोडा गाड्या.

आता इथं राहून राहून आम्ही कसे झालो ते बघा. घरात आमची गुजरी बोली, शेतात सालदाराशी अहिराणी, मारवाड्याच्या दुकानात हिंदी, आणि कचेरीत गेलं की तुमची ही स्वच्छ मराठी. शेजारी दोडे गुजर, त्यांच्या शेताला आमचं शेत लागून, विहिरीला विहीर लागून, त्यांच्याकडे जेवू पण मुलगी देणार नाही, तेही देणार नाहीत. आणि जळगावला कापूस घेऊन गेलो की तिथला कारकून विचारतो जात कोणती, मी म्हणतो गुजर, की तो म्हणतो मग दुकान कशाचं. त्याला वाटतं गुजराथी वाणी. मी दोन्ही तळहात त्याच्या टेबलावर पालथे-उताणे करून दाखवतो, म्हणतो, याचं. घट्टे बघून गप्प होतो बिचारा.

माझं नाव सुपडू. माझ्या आधीची तीन गेली, म्हणून मी झाल्याबरोबर मला सुपात घालून शेजारच्या सोनाअक्काला देऊन टाकलं आणि मूठभर ज्वारी देऊन परत मागून घेतलं, म्हणजे यमाला वाटावं हे काही यांचं पोर नव्हे. यम फसला. असा मी जन्मल्यापासून सोंगात आहे, माझा दोष नाही. माझ्यानंतर बारा वर्षांनी बहीण झाली, जमना. मध्ये कोणी नाही. ही सगळी गोष्ट जमनाची आहे, मी आपला मध्ये मध्ये येतो.

तर आमच्याकडे भाट यायचा. भाट म्हणजे आमच्या वंशावळी सांभाळणारा, त्याचा बाप आमच्या बापजाद्यांकडे यायचा, त्याचा आजा त्यांच्या बापजाद्यांकडे. किसनजी भाट. तीन-चार वर्षांतून एकदा, कापूस घरात आला की, वरच्या मुलखातून यायचा, एका तट्टावर तो आणि दुसऱ्या तट्टावर त्याची वही. वही म्हणजे लाल कापडात गुंडाळलेली, लांबोडकी, कडेवरच्या पोराएवढी, दोन्ही हातांनी उचलून घ्यायची. आमच्या ओट्यावर बसायचा, भाऊबंद सगळे जमायचे, आई तूप सुटलेला शिरा पुढे ठेवायची. मग मागच्या वेळेपासून कोण जन्मलं, कोण गेलं, कोणत्या घरची मुलगी सून म्हणून आली, ते विचारून लिहून घ्यायचा, आणि मग डोळे मिटून पार वरपासून सुरू करायचा, अमुकाचा तमुक, तमुकाचा अमुक, नाकातून, सुरात, आणि मध्येच एखाद्या पराक्रमाच्या जागेवर आवाज असा चढवायचा की दावणीचे बैल कान टवकारायचे.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. भाट गेला की दुसऱ्या दिवशी मी भाट. गोधडीची वळकटी करायची, ती वही. बापाचा रुमाल डोक्याला गुंडाळायचा. नाकात बोलायचं. आई चुलीपाशी हसता हसता भाकरी करपवायची, आणि बाप तोंडानं म्हणायचा, मोठ्या माणसाची नक्कल करतो, लाज वाटत नाही, आणि गुरांच्या मागे जाऊन हसून यायचा. मला दिसायचे त्याचे खांदे हलताना.

मग मानमोडी आली. तुम्ही इन्फ्लुएंझा म्हणता, आमच्याकडे मानमोडी म्हणतात, माणूस मान टाकायचा आणि जायचा. आई मंगळवारी गेली, बाप शुक्रवारी. माझं तोंड सगळ्यावर चालतं, यावर चालत नाही, तेव्हा पुढे जाऊ.

मी सतरा वर्षांचा आणि जमना पाच. दगडूकाका होते, बापाचे धाकटे भाऊ, पण त्यांचा संसार वेगळा, त्यांचीही दोन गेलेली. शेत मला येत होतं, भाकरी सोनाअक्कानं शिकवली, पण पोरीची वेणी कोण घालणार? मी बैलाचा कासरा वळतात तशी वळायचो. पहिल्या दिवशी अशी आवळली की जमनाच्या भुवया कपाळावर चढल्या, तशीच ती अंगणात गेली, आणि सोनाअक्का कुंपणावरून ओरडली, काय करी राहिना रे सुपडू, पोरना जीव लेस का, म्हणजे पोरीचा जीव घेतोस का. तिनं मग शिकवलं, आधी तेल, मग फणी, मग तीन पेड. पण पोर बसेल तर ना. भिंगरी होती. तेव्हा मी युक्ती काढली, फणी हातात घेतली की भाट व्हायचं. नाकातून सुरू करायचं, मूळपुरुष गंगजी, गंगजीचा हरजी, हरजीचा भिका, आणि ती अशी गप्प बसायची ऐकत. अकरावा पुरुष म्हणजे मी, तिथं आलो की गोंडा बांधायचा. अकरा पुरुष म्हणजे एक वेणी. दोन वेण्या असल्या तर वंश दोनदा. पुढे माझी बायको केसर नांदायला आली, तिचा हात हलका, तिनं वेणीचं काम घेतलं, तर जमना तिला म्हणाली, वहिनी, तुझी वेणी चांगली आहे पण त्यात माणसं नाहीत.

किसनजी भाट मानमोडीनंतर आलाच नाही. कोणी म्हणालं तोही गेला, कोणी म्हणालं त्याचा मुलगा लहान आहे, मोठा झाला की येईल. सोळा-सतरा वर्षं आमच्या भागात कोणाचं नाव लिहिलं गेलं नाही. माणसं जन्मली, मेली, पण लिहिल्याशिवाय.

जमना चौदा-पंधराची झाली. दोन स्थळं आली आणि दोन्ही फिरली. आईबाप नाहीत, भावानं वाढवलेली, घरात मोठी बाई नाही, रीतभात कोण शिकवणार, असं बाहेर बोलले. दुसऱ्या स्थळाचा एक माणूस तर गाडीत बसता बसता म्हणाला, भाऊ नकला करतो म्हणे. हे मला लागलं. माझ्या नकलांनी जिला वाढवलं तिलाच माझ्या नकला आडव्या येतात की काय, असं वाटून मी वर्षभर तोंड बंद ठेवलं. केसर म्हणायची, तुम्हाला बरं नाही का.

मग तिसरं स्थळ आलं. धुळ्याच्या अंगाचं, मावळतीकडचं, तापीच खाली तिकडे जाते. गावाचं नाव मी सांगत नाही, आणि तुम्ही आमचीही नावं बदलून लिहा. तिथं आम्ही एका लग्नाला गेलो होतो आणि आमचे बैल गाडीच्या प्रवासानं थकून पाण्याला तोंड लावेनात, तेव्हा एक पोरगा आला, त्यानं बैलाच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी हळूच म्हटलं आणि बैल पाणी प्यायले. नाव रतन. जमनानं हे गाडीत बसून बघितलं होतं. परत येताना मी सहज विचारलं, कसं काय वाटलं गाव, तर म्हणाली, गाव सगळीकडे सारखंच असतं दादा, पण तो माणूस बैलाशी हळू बोलतो. एवढंच बोलली. मला कळलं. आईबाप नसलेल्या पोरी जास्त बोलत नाहीत, एका वाक्यात सगळं बांधून देतात, ते सोडून बघायचं आपण.

तर त्यांच्याकडून होकार आला, आणि साखरपुड्याला बारा गाड्या आल्या. बारा. आमच्या अंगणात बैल बांधायला जागा नाही, सोनाअक्काच्या परसात बांधले. रतनचे आजोबा दौलतआबा, त्या घरातलं सर्वात मोठं माणूस, ऐंशीला टेकलेले, पांढऱ्या मिशा, काठी हातात पण टेकायची नाही, मिरवायची. जमनानं केसरच्या मदतीनं साखरेची ताटं भरून ठेवलेली, वर रुमाल झाकलेले. माझे भाऊबंद सगळे, दोन्हीकडचे पंच, दगडूकाका मध्ये बसलेले. आणि आबा म्हणाले, सगळं ठीक आहे, मुलगी पसंत आहे, पण आमच्यात कूळ ऐकल्याशिवाय साखर खात नाहीत, भाट असता तर त्यानं सांगितलं असतं, आता तुमच्याकडे कोण सांगतो?

रीत अशी की कूळ वेगळं पाहिजे. एका मूळपुरुषाचे निघाले तर ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक नाही, मुलगा-मुलगी भाऊबहीण ठरतात. कुळांची आजची नावं वेगळी असून भागत नाही, नावं तर गावावरून बदलतात, वरचे पुरुष वेगळे पाहिजेत.

दगडूकाकांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि काय सांगू तुम्हाला, वर्षभर तोंड बंद ठेवलेला माणूस मी, समोर बारा गाड्यांची माणसं, ओसरीत बायका, कुंपणावर सोनाअक्का. मी डोक्याचा रुमाल सोडून भाटासारखा बांधला. डोळे मिटले. आणि सुरू केलं.

गंगजी सांगितला. त्याच्या गाड्या वरून निघाल्या त्या सांगितल्या, गुरं सांगितली, वाटेतला दुष्काळ सांगितला. गंगजीचा हरजी. हरजी नर्मदेच्या काठी आला. माणसं पुढे सरकली. आणि मग आला तिसरा पुरुष, भिका.

आता भिकाचं ऐका. किसनजी भाट भिकापाशी कधी थांबला नाही. हरजीचा भिका भिकाचा रामजी, एका दमात. भिकाबद्दल वहीत काहीच नाही, लढला नाही, गाव वसवलं नाही, विहीर खणली असं सुद्धा नाही. आणि माझा आवाज तर चढलेला, नर्मदा समोर भरून वाहते आहे, बायकांनी तोंडाला पदर लावले आहेत, आणि अशा वेळी मी भिका आणू? मला त्या बारा गाड्यांसमोर भिका आणायची लाज वाटली हो. माझ्या बहिणीच्या मागे उभा करायला मला भिका पुरेना.

मी म्हणालो, हरजीचा वाघजी.

आणि वाघजी असा आला, जसा काही दारामागे उभाच होता. नर्मदेला पूर, गाड्या पाण्यात, एका गाडीचं चाक दगडात अडकलं, गाडीत बाया-पोरं, बैल बुडायला लागले, आणि वाघजीनं पाण्यात उतरून चाकाखाली खांदा दिला. गाडी निघाली. दुसरी आली, तिलाही दिला. सात गाड्यांचा सगळा तांडा त्याच्या खांद्यावरून पार झाला. त्या दिवशी त्याचा डावा खांदा खाली गेला तो जन्मभर खालीच राहिला, असं मी म्हणालो आणि माझा स्वतःचा खांदा खाली केला. ओसरीतून हुंदका आला. इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण पाहुणे मावळतीचे, त्यांनाही काही द्यावं, घरी आलेल्याला रिकामं कसं पाठवायचं, म्हणून मी म्हणालो, वाघजीला दोन मुलगे, थोरला इथं राहिला, आणि धाकटा तापीच्या पाण्याबरोबर खाली मावळतीला गेला.

दौलतआबा उभे राहिले. काठी हातातून पडली. डोळ्यांतून पाणी. म्हणाले, तो आमचा, तो धाकटा आमचा, माझा आजा सांगायचा खांदा पडलेल्या पुरुषाची गोष्ट. आणि पुढे येऊन त्यांनी मला मिठी मारली. सगळे उठले, कोणी दगडूकाकांच्या गळ्यात पडलं, दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांचे खांदे चाचपून बघायला लागले, कोणाचा डावा खाली आहे का. खरंच सांगतो, चार-पाच जणांचा निघाला.

मग हळूहळू आवाज कमी झाला. कोणीतरी, कोण ते आठवत नाही, म्हणालं, म्हणजे मग मुलगा-मुलगी एका कुळाचे झाले.

आबा खाली बसले. दगडूकाकांनी मान खाली घातली. केसर बाहेर आली आणि साखरेचं एक ताट उचलून आत घेऊन गेली, मग दुसरं. कोणी भांडलं नाही, तेच वाईट. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. पाहुणे म्हणाले, आता नातं सापडलं, ते काय थोडं आहे, येत जा जात जा, आणि गाड्या जुंपायला उठले.

मी घरात गेलो. जमना उतरंडीपाशी उभी, नवं लुगडं नेसलेली. मला वाटलं रडत असेल. रडत नव्हती. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, दादा, वाघजी कोण?

मी डोक्याच्या रुमालाची गाठ चाचपली.

म्हणाली, तिथं तर भिका आहे.

अहो, त्या अंगणात दोनशे माणसं असतील, त्यांत ती एकटी होती जिला वंश पाठ होता. दहा वर्षं तिच्या केसांतून गेलेला. आणि ती ओसरीत बसून ऐकत होती, वाघजी आला तेव्हाच तिला कळलं होतं, आणि एक शब्द बोलली असती तर तिचं लग्न वाचलं असतं. बोलली नाही. चारचौघांत भावाला खोटं पाडायचं नाही म्हणून. नंतरही बोलली नाही, नुसतं विचारलं, आणि वळून साखर डब्यात ओतायला लागली, सांडू नये म्हणून हात लावून.

मी बाहेर आलो. सोनाअक्काच्या परसात रतन आपले बैल जुंपत होता. त्याच्यावर काय गुजरलं असेल, पण बैलाच्या मानेवर जू ठेवताना तो त्याच्याशी तसंच हळू बोलत होता, ते मी ऐकलं. मला चालवेना. आबा गाडीच्या सावलीत एकटे बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उकिडवा बसलो, पायांना हात लावला, म्हणालो, आबा, वाघजी झालाच नाही, तो मी बनवला, आमचा तिसरा पुरुष भिका आहे.

आबांनी शेजारची काठी उचलली. मला वाटलं काठी माझ्या पाठीत बसणार, बसायलाच पाहिजे होती. पण ते म्हणाले, मला ठाऊक आहे.

मी विचारलं, मग आबा, तुमचा आजा गोष्ट सांगायचा ती?

आबा म्हणाले, माझा आजा मी पाहिलाच नाही. आमच्या घरात सगळे भिकाच झाले रे पोरा. ऐंशी वर्षं मी नुसती नावं ऐकतो आहे, अमुकाचा तमुक. तू त्याला पाण्यात उतरवलंस ना, तेव्हा मला वाटलं, असा एक तरी आपला असता. उठलो तेव्हा तो मला खरंच आठवत होता. आता मिठी मारून बसलो, बोललो चारचौघांत, या वयात मी खोटा म्हणून कसं सांगू? आणि नाही सांगावं तर नातू माझ्याशी बोलत नाही बघ, बैलाशी बोलतो.

दोन नटवे समोरासमोर बसलेले, एक ऐंशीचा आणि एक अठ्ठावीसचा. हसू येत होतं आणि हसता येत नव्हतं. मी म्हणालो, आबा, तुम्ही नुसते बसून राहा, काही बोलू नका.

सगळ्यांना परत अंगणात बोलावलं. हात जोडले. या वेळेला रुमाल काढून खाली ठेवला, उघड्या डोक्यानं उभा राहिलो. म्हणालो, मंडळी, माझ्या हातून चूक झाली. वाघजी होऊन गेला, तो खरा, पण तो आमचा नव्हे. तो आबांच्या कुळाचा. मी तिकडच्या लग्नात कोणाच्या तोंडून ऐकला होता, आणि पाहुण्यांपुढे मोठेपणा मिळावा म्हणून चोरून आमच्या वंशात घातला. आबांनी आपला माणूस ओळखला, ते बरोबरच ओळखलं. आमच्या घरात त्या जागी भिका आहे. हरजीचा भिका, भिकाचा रामजी. भिकानं काही केलं नाही. तो आमचा आहे. कुळं वेगळी आहेत.

मग ओसरीतून जमनाचा आवाज आला, तिनं पदर पुढे ओढून उभं राहून सांगायला सुरुवात केली, गंगजीचा हरजी, हरजीचा भिका, भिकाचा रामजी, अकराच्या अकरा, माझ्यापर्यंत. नाकातून नाही, सुरात नाही, बाजाराला जाताना काय काय आणायचं सांगावं तशी साधी. मुलीनं आपल्या माहेरचा वंश भरसभेत सांगितला असं आमच्यात आधी झालं नव्हतं. पंच एकमेकांकडे बघायला लागले.

आबा बसल्या जागेवरून म्हणाले, साखर आणा.

तसं सोपं नाही झालं ते. पंचांनी विचार केला आणि ठरवलं, यानं दुसऱ्याचा पुरुष चोरला, तेव्हा याच्या तोंडाला वंश शोभत नाही. माझ्या हातात ज्वारीचं कणीस दिलं आणि शपथ घ्यायला लावली की यापुढे कुळाचा वंश मी कोणासमोर म्हणणार नाही. घेतली. मघाशी तुम्हाला मी चारच पुरुष सांगितले, आणि तेही गोष्टीपुरते, लक्षात आलं का? बाकीचे माझ्याकडून निघायचे नाहीत. आणि दगडूकाका लग्नात जेवले नाहीत. म्हणाले, सगळ्या मुलखासमोर आपल्या घराला चोर म्हणवलंस, आणि वर हा भिका. सहा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत, मधल्या बांधावरून जायचे पण मान वळवून. शेवटी आजारी पडले तेव्हा मी पाय चेपायला गेलो, तर डोळे मिटूनच म्हणाले, गाडीखाली खांदा दिला ते मात्र चांगलं सांगितलं होतंस.

जमनाचं लग्न झालं. आंदणात सगळे देतात तशी भांडी दिली, एक गाय दिली. पण केसर म्हणते ते खरं आहे, म्हणते, आपल्याकडचं सर्वात चांगलं जे होतं ते आपण आबांच्या घरी दिलं, आणि त्याच्यावर झाकायला रुमालसुद्धा लागला नाही.

पुढे पाच-सहा वर्षांनी किसनजी भाटाचा मुलगा आला वही घेऊन. आमच्याकडे उघडली तर तिसऱ्या जागी भिका, तसाच, एका ओळीत. तिकडे जमनाच्या सासरी गेला. आबा तेव्हा नव्हते, दोन वर्षांपूर्वी गेले होते. तिथं वही वाचली तर वाघजी कुठेच नाही. लोक म्हणाले, असं कसं, तुझा बाप विसरला असेल, सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. त्याला तीन दिवस ठेवून घेतलं, शिरा खाऊ घातला. तिसऱ्या दिवशी त्या पोरालाही आठवलं म्हणे की बाप काही तरी बोलायचा खांद्याबद्दल. लिहिला त्यानं. आता वाघजी वहीत आहे, शाईनं. तुम्ही हे छापलंत आणि त्यांच्या हातात पडलं तरी मला काळजी नाही, ते वाचतील आणि म्हणतील, हा दुसरा कोणी वाघजी दिसतो, आपला तर वहीत आहे.

माझी आता पंचेचाळिशी उलटली. शेतात यंदा केळी लावून बघतो आहे, मुलगा बघतो, मी आपला बांधावर बसून बोलतो. स्वराज्य आलं, शाळेवर झेंडा चढला, आणि तेव्हापासून जो तो आपले पूर्वज काढतो आहे, आमच्या अमक्यानं असं केलं, आमच्या तमक्यानं तसं केलं. जमना दिवाळीला आली होती. केस पांढरे व्हायला लागले तिचे कानापाशी. रतन आला होता सोडायला, अजून तसाच बोलतो, आता माणसांशीसुद्धा. तिचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. तो ओट्यावर उभा राहून आमच्या सगळ्या गल्लीला वाघजीची गोष्ट सांगत होता. आता त्याच्यात मगर आली आहे. गाड्या सात होत्या त्या चाळीस झाल्या. एका जागी त्यानं आवाज चढवायला पाहिजे होता तिथं उतरवला, आणि माझ्या जिभेला अशी खाज सुटली काय सांगू, पण बसलो गप्प. जमना उंबऱ्यात सूप घेऊन दाणे पाखडत होती, तिनं वर बघितलं नाही, पण पाखडणं थांबलं होतं.

गोष्ट संपवून पोरगा माझ्या मांडीवर येऊन बसला, घामेजलेला, म्हणतो, मामा, आमच्यात वाघजी झाला, तुमच्यात कोण झालं?

मी म्हणालो, आमच्यात भिका झाला.

त्यानं काय केलं?

मी म्हणालो, त्यानं पेरलं असेल, गुरं पाण्यावर नेली असतील. त्याला मुलगा झाला. त्या मुलाला मुलगा झाला. होता होता तुझी आई झाली.

पोरगा माझ्या हाताचे घट्टे चाचपत म्हणाला, मग चांगलं केलं त्यानं.

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, औक्षवंत हो बाबा, आणि जा, आईला दाणे पाखडू लाग.